डाव्या चाकाचा सूर

प्रत्येक गाडी बिघडेपर्यंत उत्तम चालते. या सिद्धान्ताला आजवर एकही अपवाद आढळलेला नाही. मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. काहींच्या मते गाडी बिघडू नये म्हणून ती ठरावीक काळाने तज्ज्ञांच्या हवाली करावी. इतरांच्या मते बिघडायला सुरुवात होते ती नेमकी तिथूनच. दोन्ही पक्षांत प्रतिष्ठित माणसे आहेत आणि दोन्ही पक्ष एकमेकांचे नातेवाईक आहेत, त्यामुळे प्रश्न आजवर धसास लागलेला नाही.

सुदैवाने एका कुटुंबात हा प्रयोग आपोआप घडून आला. त्याची हकीकत इथे नोंदवून ठेवणे सार्वजनिक हिताचे आहे.

कुटुंबात दोन जावई. दोघांनी एकाच वर्षी, एकाच कंपनीची, एकाच रंगाची गाडी घेतली. (थोरल्यांनी तीन महिने अभ्यास करून निवडली. धाकट्यांनी दुकानात जाऊन "आमच्या साडूंनी घेतली तसलीच द्या" असे सांगितले.) थोरले विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतात. त्यामुळे माणसाच्या आयुष्यात काय काय होऊ शकते, याची त्यांना कार्यालयीन माहिती आहे. दात, चष्मा, पाण्याचा फिल्टर आणि गाडी या चार गोष्टी ते वेळच्या वेळी दाखवून आणतात. धाकट्यांचे चष्म्यांचे दुकान आहे. घरात त्यांना 'बघू' म्हणतात, कारण कोणत्याही कामाला ते नाही म्हणत नाहीत, "बघू" म्हणतात. दुकानाच्या पाटीवरचा एक दिवा गेलेला आहे. त्यालाही ते बघणार आहेत.

आता प्रथम सर्व्हिसिंग या संस्थेविषयी.

थोरले जावई जातात ते सर्व्हिस सेंटर काचेचे आहे. आत सोफा आहे, कॉफी फुकट आहे (ती बिलात 'किरकोळ साहित्य' या सदराखाली येते), आणि काचेपलीकडे आपली गाडी चाके लोंबकळत हवेत उचललेली दिसते. स्वतःच्या माणसाला स्ट्रेचरवर पाहिल्यावर कोणीही घासाघीस करत नाही. हे ज्याने ओळखले त्यानेच ती काच बसवली असावी. थोड्या वेळाने सल्लागार नावाचा एक नम्र गृहस्थ काळपट झालेला एअर फिल्टर घेऊन येतो आणि म्हणतो, "बघा सर." सर बघतात. सरांनी जन्मात कधी स्वच्छ एअर फिल्टर पाहिलेला नसतो, त्यामुळे तुलनेला काही आधार नसतो. तरीही सर म्हणतात, "बाप रे!"

मग रबराचा विषय निघतो.

"रबर कडक झालंय सर. बदलायचं का?"

"आज नाही बदललं तर?"

"चालेल की. पण मग पुढचं मी काही सांगू शकत नाही."

या एका वाक्याने जगात जितके रबर बदलले गेले आहे, तितके उन्हाने आणि वयाने मिळून खराब झालेले नसेल.

सर्व्हिसिंगचे फायदे मात्र निर्विवाद आहेत. आमच्या पाहणीनुसार (पाहणी दोन गाड्यांपुरती होती, पण फार बारकाईने केली) सर्व्हिसिंगहून परतताना शंभरातील ब्याऐंशी मालकांना गाडी 'हलकी' वाटते. उरलेल्या अठरांची गाडी धुवायची राहून गेलेली असते.

दुसऱ्या पक्षाची, म्हणजे बघूंची, कार्यपद्धती याहून सोपी आहे. समोर लाल दिवा लागला की त्यावर चिकटपट्टी लावावी. गाडी थरथरली की रस्ता खराब आहे असे म्हणावे. आणि कुठून आवाज यायला लागला की रेडिओ मोठा करावा. शेवटच्या उपायात खर्च शून्य असून बातम्याही कळतात. गाडी घेतली तेव्हा बघू रेडिओ सहावर ऐकत. हकीकत सुरू होते तेव्हा ते सतरावर पोचले होते. आकडे वीसपर्यंत आहेत, म्हणजे अजून बरीच गाडी शिल्लक होती.

सतराव्या आकड्यावर सासूबाई गाडीत बसल्या.

सासूबाईंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. नुसत्या "हॅलो"वरून समोरच्याचे पोट भरलेले आहे की नाही, हे त्या सांगत. गुडघ्यांच्या व्यायामासाठी त्यांना रोज सकाळी बघूंच्या दुकानाच्या बाजूला जावे लागे, म्हणून त्या बघूंबरोबर निघू लागल्या. दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "जावईबापू, तो रेडिओ बंद करा."

"आई, बंद केला की आवाज येतो."

"तोच ऐकायचाय मला."

बघूंनी रेडिओ बंद केला. पुढच्या डाव्या चाकातून एक खोल, भरदार, न तुटणारा "ऊंऽऽ" गाडीभर पसरला. सासूबाईंनी डोळे मिटले. पुढच्या चौकात त्यांनी ते उघडले.

"काळी दोन," त्या म्हणाल्या. "स्वच्छ काळी दोन. इतका सरळ सूर आमच्या पेटीवाल्यांनीसुद्धा कधी दिला नाही."

इथे सासूबाईंची अडचण सांगणे भाग आहे. डोंगरापलीकडच्या गावात दर वर्षी ज्येष्ठांची गायन स्पर्धा होते. पूर्वी साथीला पेटी असे. पण पेटीवाला एका स्पर्धकाचा भाचा निघाल्यापासून आयोजकांनी वाद्येच बंद केली. आता प्रत्येकाने आपला सूर घरून आणायचा असतो. गेल्या वर्षी सासूबाईंचा सूर दुसऱ्या कडव्यात घसरला आणि फिरती ढाल विहीणबाईंना, म्हणजे थोरल्या जावयांच्या मातोश्रींना, मिळाली. ढाल गेली याचे सासूबाईंना फारसे काही नव्हते. पण बक्षीस घेऊन खाली उतरताना विहीणबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "गळा अजून छान आहे हो तुमचा. नुसतं सर्व्हिसिंग करून घ्या."

ती ढाल विहीणबाईंनी दिवाणखान्यात पाहुण्यांच्या खुर्चीसमोर लावली. उंची अशी निवडली, की चहाचा घोट घेताना पाहुण्याची नजर कपाच्या काठावरून थेट ढालीवर जावी. सासूबाई वर्षभर विहिणीकडे चहा प्यायल्या नाहीत. पित्ताचे कारण सांगितले. पित्त त्यांना कधीच नव्हते, पण सांगून सांगून पुढे थोडे झाले.

तेव्हा या वर्षी ढाल आणणे आवश्यक होते. आणि ढाल आणणारा सूर डाव्या चाकात सापडला होता.

रोजचा रियाज सुरू झाला. आवाज वेगाप्रमाणे चढतो-उतरतो, हे लवकरच लक्षात आले. काळी दोन ताशी बेचाळीसवर लागत असे.

"आई, उतार आलाय. सूर चढणार."

"चढू द्यायचा नाही. ब्रेकवर पाय ठेवा."

"मागचे हॉर्न मारतायत."

"मारू देत. ते सगळे पांढरी पाचमध्ये आहेत, आपला काही संबंध नाही."

धाकट्या लेकीने एकदा आईला सुचवून पाहिले, की असा सूर देणारी सोय हल्ली फोनमध्येही मिळते. सासूबाई म्हणाल्या, "फोनचा सूर कानातून येतो गं. हा सीटमधून येतो, पाठीच्या कण्यातून." सासऱ्यांना (ते निवृत्त आहेत, आणि ते पूर्णपणे) मत विचारले असता ते म्हणाले, "सकाळी घरात शांतता असते, याच्याबाहेर मला काही ठाऊक नाही."

महिन्याभरात सासूबाईंचे दुसरे कडवे भिंतीसारखे उभे राहिले. बघू तर फुलून गेले. काम न केल्याबद्दल त्यांचे कोणी कौतुक करावे, हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता.

सर्व सुरळीत चाललेले असताना थोरले जावई एका रविवारी त्या गाडीत बसले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जायचे होते. तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला.

"हे बेअरिंग गेलंय."

"गेलं कुठं? आहे की," बघू म्हणाले. "म्हणून तर आवाज येतोय."

"अहो, घाटात चाक अडकलं तर? आई असणार गाडीत!"

"बघू."

"गेल्याच महिन्यात असा एक दावा माझ्या टेबलावर आला होता."

"मग? मंजूर केलात का?"

"नाही."

"का?"

"सर्व्हिसिंग केलेलं नव्हतं."

इथे न्यायाने सांगितले पाहिजे, की थोरले जावई शंभर टक्के बरोबर होते. त्यांच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निर्माण होतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी धाकट्या मेव्हणीला विश्वासात घेतले. (तिला विश्वासात घेणे कठीण नव्हते, लाल दिव्यावरची चिकटपट्टी तिलाच दर आठवड्याला बदलावी लागत होती.) तिने किल्ली दिली. सर्व्हिस सेंटरची व्हॅन येऊन गाडी ओढून घेऊन गेली. संध्याकाळी गाडी परत आली ती धुतलेली, पुसलेली, पायांखाली स्वच्छ कागद अंथरलेली. थोरल्यांनी बिल स्वतः भरले आणि वर एक चिठ्ठी ठेवली: 'आईंना शुभेच्छा. निर्धास्त जा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बघूंनी गाडी सुरू केली. सासूबाई नवी साडी नेसून मागे बसल्या, डोळे मिटले, आणि वाट पाहू लागल्या. गल्ली संपली. चौक गेला. गाडी बेचाळीसवर आली.

"जावईबापू, गाडी सुरू करा."

"आई, बाजार मागे पडला."

सासूबाईंनी डोळे उघडले. काही ऐकू येत नव्हते. इतके काही ऐकू येत नव्हते, की बघूंचे पोट गुरगुरलेले स्पष्ट ऐकू आले. त्यांनी सा लावून पाहिला. तो कुठल्याच पट्टीत बसेना. पुन्हा लावला; तो आणखी खाली गेला. मग त्यांनी कागदाखाली सरकलेली चिठ्ठी उचलून वाचली.

"मुलगा कोणाचा आहे तो?" त्यांनी विचारले. "शेवटी मुलगा कोणाचा आहे?"

थोरल्यांच्या मनात तसे काही नव्हते. पण ज्याच्या मनात काही नसते, त्याच्याविरुद्ध पुरावा नेहमी भक्कम असतो.

दोघे तडक सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. सल्लागार नम्रपणे उभा राहिला.

"काल बसवलेलं बेअरिंग काढा," सासूबाई म्हणाल्या, "आणि आमचं जुनं परत बसवा."

सल्लागाराने हातातल्या पडद्यावर बोट फिरवले. मग उलटे फिरवले. "मॅडम, खराब भाग बसवायचा पर्यायच येत नाही यात."

"मग हाताने बसवा."

"जुनं भंगारात गेलं मॅडम. पण नव्याला एक वर्षाची हमी आहे. आवाज येणार नाही, याची हमी."

"वर्षभर?"

"पूर्ण वर्षभर."

सासूबाई सोफ्यावर बसल्या. त्यांना फुकट कॉफी देण्यात आली. ती त्यांनी हातातच धरून ठेवली. बघू एका कोपऱ्यात उभे राहून आयुष्यात पहिल्यांदा "बघू" म्हणाले नाहीत. काचेपलीकडे चार गाड्या चाके लोंबकळत हवेत होत्या. चारही गप्प होत्या.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला. खोल, भरदार, न तुटणारा. सासूबाईंनी कॉफी खाली ठेवली.

"हा कुणाचा?"

बाहेर सर्व्हिस सेंटरची स्वतःची व्हॅन येऊन उभी राहत होती. तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'तुमची गाडी, आमची काळजी'.

"आमचीच व्हॅन आहे," सल्लागार जरा ओशाळला. "लोकांच्या गाड्या आणता-नेता तिला आत घ्यायला वेळच मिळत नाही."

"किती दिवस नाही मिळाला?"

"मी इथे नवीन आहे मॅडम. चारच वर्षं झाली."

सासूबाई उठून व्हॅनपाशी गेल्या. इंजिन बंद झाले होते, तरी त्यांनी पुढच्या चाकावर हात ठेवला. "थोडा चढा आहे," त्या म्हणाल्या. "पण सावकाश चालवली तर बसेल. ही व्हॅन आम्हाला द्या."

"मॅडम, तसा नियम नाही."

"तुम्ही मला संध्याकाळी फोन करणार ना? सेवा कशी वाटली, दहापैकी किती गुण, म्हणून?"

सल्लागाराचा चेहरा बदलला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या क्षेत्रात दहाला दहा म्हणतात आणि नवाला शून्य. नऊ मिळालेल्या सल्लागाराला वरिष्ठ आत बोलावून दार लावून घेतात.

"दहा देईन," सासूबाई म्हणाल्या.

व्हॅनची किल्ली बघूंच्या हातात आली.

घाटात ताशी सदतीसवर काळी दोन लागली. मागे वाहनांची रांग लागली. सासूबाई पुढच्या सीटवर ताठ बसून दुसरे कडवे म्हणत होत्या. रांगेतल्या पहिल्या गाडीत थोरले जावई आणि त्यांच्या मातोश्री होत्या, पण व्हॅनमध्ये कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. थोरले आईला म्हणाले, "बघ, काय आवाज करतेय! अशा लोकांचे परवाने काढून घेतले पाहिजेत." विहीणबाई कोमट पाणी पीत होत्या. त्यांनी फक्त मान डोलावली. गाडी अगदी शांत होती, त्यामुळे पाण्याचा घोटही ऐकू गेला.

स्पर्धेचा तपशील थोडक्यात. विहीणबाईंचा सा गाडीतल्या त्या शांततेतच कुठेतरी राहून गेला. त्या गायल्या चांगल्या, पण पहिली ओळ एका पट्टीत आणि शेवटची दुसऱ्या. सासूबाई उभ्या राहिल्या, त्यांनी डोळे मिटले, पायाखाली व्हॅन आहे असे मानले आणि दुसरे कडवे पहिल्या जागेवर आणून ठेवले. ढाल फिरली. सासूबाई खाली उतरताना काहीतरी बोलतील, म्हणून दोन्ही घरे श्वास रोखून होती. त्या म्हणाल्या, "चला, उशीर होतोय." विहीणबाईंना हे जास्त लागले.

परतीच्या वाटेवर, घाटाच्या बरोबर मध्यावर, काळी दोन थांबली. आधी कर्कश किंचाळी आली (सासूबाईंच्या मते ती कुठल्याच पट्टीत नव्हती), मग चाकातून धूर आला, आणि व्हॅन कडेला सरकून तिरकी उभी राहिली. बघूंनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"काळजी करू नका सर," सल्लागार म्हणाला. "बंद पडलेली गाडी आणायला आमची व्हॅन पाठवतो."

"व्हॅनच बंद पडलीय."

"मग व्हॅन मोकळी झाली की लगेच पाठवतो. सर, ते दहा गुणांचं..."

ऊन चढले. बघू म्हणाले, "बघू, कोणीतरी येईल." आणि खरोखरच आले. एक शांत, धुतलेली, तेल-पाणी-हवा तपासलेली गाडी वळणावरून आली आणि थांबली. थोरले जावई खाली उतरले. त्यांनी व्हॅन पाहिली. तिच्या अंगावरची अक्षरे वाचली. चाकातला धूर पाहिला. त्यांच्या जागी दुसरा कोणीही "मी सांगितलं होतं" म्हणाला असता. ते म्हणाले, "आई, मागे बसा. पट्टा लावा." (विमा क्षेत्रातली माणसे मनाने मोठी असतात. त्यांना सगळे आधीच माहीत असते.)

मागच्या सीटवर दोघी विहिणी आणि मध्ये ढाल. गाडीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पूर्वीच्या गाड्यांत अशा वेळी आवाजाचा आधार असे. या गाडीत बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"दुसऱ्या कडव्यात सुटणार असं वाटलं होतं मला," विहीणबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"तुम्हाला वाटणारच."

"नाही सुटला."

"नाही."

गाडीने एक वळण घेतले.

"पित्त कसंय तुमचं?"

"आता बरं वाटेल."

"मग घरी चला. चहा घेऊनच जा. आता समोर काही नाहीये लावलेलं."

सासूबाई हसल्या. मग विहीणबाईही. ढाल दोघींच्या मध्ये खुळखुळत राहिली. संपूर्ण गाडीत आवाज करणारी तेवढी एकच वस्तू होती.

तर निष्कर्ष असा. सर्व्हिसिंग न केलेल्या गाडीने ढाल मिळाली. सर्व्हिसिंग केलेल्या गाडीने ती घरी आली. आकडेवारी दोन्ही बाजूंनी समसमान आहे आणि प्रयोग यशस्वी झाला असे मानायला हरकत नाही. सल्लागाराला दहा गुण मिळाले. व्हॅन आत घेण्यात आली आहे. ती कधी बाहेर येईल, हे कोणी सांगू शकत नाही.

पुढची घडामोड एवढीच, की चहाच्या वेळी सासूबाईंनी सगळे सांगून टाकले. त्यानंतर विहीणबाईंनी मुलाला बाजूला बोलावून विचारले, "समजा आजपासून तू गाडी दाखवणं बंद केलंस, तर पुढच्या स्पर्धेपर्यंत आवाज तयार होईल का रे?" थोरल्यांनी आईचा शब्द आजवर मोडलेला नाही. परवा त्यांची तारीख आली आणि गेली. सध्या ते रेडिओ बंद ठेवून, मान किंचित डावीकडे कलती करून गाडी चालवतात. अद्याप काही ऐकू आलेले नाही. बघूंच्या डाव्या चाकाला तर वर्षाची हमी आहे. सासूबाईंनी त्यांना उजव्या चाकाकडे लक्ष द्यायला सांगितले आहे, म्हणजे त्याकडे अजिबात लक्ष द्यायचे नाही. बघू म्हणाले, "बघू."

राहता राहिले वाचक. सर्व्हिसिंगचे पैसे वसूल होतात की नाही, हे जाणून घ्यायला तुम्ही इथवर आलात. ज्यांची गाडी वेळेवर जाते ते हे वाचत नाहीत. ते काचेच्या खोलीत कॉफी घेऊन बसलेले असतात. ज्यांना ती कधीच न्यायची नाही त्यांना हा प्रश्नच पडत नाही. शेवटपर्यंत वाचणारा माणूस एकाच प्रकारचा असतो: ज्याची तारीख उलटली आहे आणि ज्याने तो आवाज ऐकलेला आहे. रेडिओ सध्या कितीवर आहे, ते आम्ही विचारत नाही. तो एकदा बंद करून ऐका. सूर सरळ असेल, तर स्पर्धेत नाव द्या. प्रवेश सर्वांना खुला आहे. फक्त परतताना मागून येणाऱ्या गाडीत तुमचा साडू आहे ना, एवढे निघण्यापूर्वी बघून घ्या.